नळदुर्गच्या वाटेवर पडलेले हवालदार बचित्तरसिंग

हवालदार बचित्तरसिंग (जन्म १० जानेवारी १९१७, लोपो, पंजाब, मृत्यू १३ सप्टेंबर १९४८, नळदुर्ग परिसर, तालुका तुळजापूर) हे भारतीय लष्कराच्या शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील जवान. हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाईच्या पहिल्याच दिवशी ते नळदुर्गजवळ लढताना मारले गेले. या कामगिरीबद्दल त्यांना मरणोत्तर अशोक चक्र, वर्ग १ देण्यात आलं. १९५२ मध्ये हे पदक सुरू झालं तेव्हा ते मिळालेल्या अगदी पहिल्या मोजक्या नावांत त्यांचं नाव आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आपल्याकडे होतं. भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ येतात, सरदार पटेल येतात, रझाकारांचे अत्याचार येतात. मीही अशी भाषणं केली आहेत. समाजशास्त्रात एम.ए. करताना हैदराबाद संस्थानावर पेपर लिहिला, तेव्हाही हे नाव माझ्या लिखाणात आलं नव्हतं. तुळजापूर ते नळदुर्ग हा रस्ता कामानिमित्त शेकडो वेळा केल्यानंतर, अशोक चक्राच्या यादीत 'नळदुर्ग' हा शब्द वाचून मी थबकले. देशातल्या सर्वोच्च शौर्य पदकांपैकी एक आपल्या तालुक्याच्या मातीत मिळवलं गेलं आहे, आणि ते मिळवणारा माणूस दूरवरून आलेला पंजाबी होता.

हे संकेतस्थळ वाचणाऱ्या तरुणांपैकी कुणी विचारेल की आपल्या पोर्टलवर हा शीख जवान कशाला? आपल्याकडे कोरेगावचा स्तंभ आहे, १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट आहे, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातलं कृष्णा सोनवणे यांचं महावीर चक्र आहे. हे सगळं आहेच, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिलं पाहिजे. पण फक्त आपल्या जातीतल्या, आपल्या धर्मातल्या सैनिकांचे फोटो लावायचे, ही सवय बाकीच्यांना असते म्हणून आपणही लावून घ्यावी असं नाही. महार रेजिमेंटला परमवीर चक्र मिळालं ते १९८७ मध्ये श्रीलंकेत पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्यामुळे. ते मुंबईत वाढलेले तमिळ होते. शिवाय बचित्तरसिंगांच्या पदकात एक गोष्ट अशी आहे जी बौद्ध वाचकाला इतरांपेक्षा जास्त विचार करायला लावेल. तिथे पुढे येतेच.

मोगलाई आणि इंग्रजी हद्द

आमच्या भागातली जुनी माणसं अजूनही मराठवाड्याला मोगलाई म्हणतात आणि सोलापूरकडच्या बाजूला इंग्रजी हद्द. म्हातारीला वय विचारलं तर ती साल सांगत नाही. 'रझाकारीत मी पाळण्यात होते' किंवा 'पुलिसॅक्शनच्या वर्षी लगीन झालं' असं सांगते. ही कालगणना १९४८ ची.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. त्या वर्षात काय झालं ते घराघरात ठाऊक आहे. कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. गावं लुटली गेली, सरहद्दीवरच्या कित्येक कुटुंबांनी बायकामुलांना इंग्रजी हद्दीतल्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून सशस्त्र प्रतिकार करत होते. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले होते.

या सगळ्यात अस्पृश्य समाज कुठे होता, हा प्रश्न १७ सप्टेंबरच्या भाषणात सहसा येत नाही. उत्तर सरळ नाही. निजामाच्या राज्यात दलितांचे एक नेते बी. एस. व्यंकटराव हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात सामील झाले होते. सवर्णांच्या राज्यात आपलं काय होणार, ही त्यांची आणि त्यांच्यामागे जाणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात त्यांनी हैदराबादमधल्या अनुसूचित जातींना स्पष्ट सांगितलं की निजामाची बाजू घेऊ नका, तो भारताचा शत्रू आहे. सवर्ण हिंदूंवर त्यांचा विश्वास बसला होता असा याचा अर्थ नाही. सरंजामी राजा आणि लोकशाही देश यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी लोकशाहीची बाजू घेतली. कारवाई झाली तेव्हा ते केंद्रात कायदामंत्री होते.

लोपो ते सोलापूर

बचित्तरसिंग यांचे वडील सरदार रूरसिंग. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, ते शीख रेजिमेंटमध्ये भरती झाले. त्या काळात पंजाबच्या गावातून सैन्यात जाणं हा शेतीला जोडून केलेला घरचा रोजगार होता.

त्यांच्या पिढीच्या जवानावर १९४७ मध्ये काय कोसळलं हे समजून घेतल्याशिवाय १९४८ चा हा माणूस समजत नाही. फाळणीआधी त्यांची रेजिमेंट 'अकरावी शीख' म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात शीखांबरोबर पंजाबी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. एका लंगरात नसले तरी एका छावणीत, एका आघाडीवर हे लोक लढले होते. फाळणीत देशाबरोबर रेजिमेंटही वाटली गेली. मुसलमान कंपन्या पाकिस्तानात गेल्या. पंजाब त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जळत होता, आणि गणवेशातल्या प्रत्येक पंजाबी जवानाला घरच्या पत्राची धास्ती होती. मग ऑक्टोबरात काश्मीर पेटलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरली ती पहिली शीख बटालियन. दुसरी शीख वर्षभरात दक्षिणेकडे, हैदराबादच्या मोहिमेवर आली.

मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' हे सांकेतिक नाव होतं. दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली मुख्य धडक सोलापूरहून हैदराबादच्या हमरस्त्याने मारायची होती, आणि तिचं नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होतं. पूर्वेकडून विजयवाड्याच्या बाजूनेही फौजा येणार होत्या, पण खरा भर सोलापूर रस्त्यावर. या रस्त्यावर संस्थानाच्या हद्दीत शिरल्यावर पहिलं मोठं ठाणं म्हणजे नळदुर्ग.

नळदुर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही जागा महत्त्वाची का हे सांगायची गरज नाही. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला पाणीमहाल, नर-मादी धबधबे, काळ्या दगडाची भक्कम तटबंदी. पर्यटक तेवढंच पाहून परततात. सैनिकाच्या नजरेतून मात्र तिथली खरी गोष्ट होती बोरीवरचा पूल. सप्टेंबरचा महिना, नदीला पाणी. पूल उडवला गेला असता तर रणगाडे आणि ट्रकांची अख्खी रांग अलीकडच्या काठावर अडकली असती. हैदराबादच्या सैन्यालाही हे कळत होतं. लेफ्टनंट टी. टी. मूर नावाचा एक इंग्रज, स्फोटकांनी भरलेली जीप घेऊन या भागातले पूल उडवायच्या कामगिरीवर होता. तो नळदुर्गजवळ पकडला गेला आणि पूल वाचला.

१३ सप्टेंबर १९४८

पहाटे चारच्या सुमारास दुसरी शीख बटालियन पुढे सरकली. तिला सातव्या ब्रिगेडच्या हल्ल्यात नळदुर्गचा मोर्चा घ्यायचा होता. समोर हैदराबादची पहिली इन्फंट्री होती, म्हणजे लाठ्याकाठ्या घेतलेले रझाकार नव्हेत, तर कवायती फौज. बचित्तरसिंगांची कंपनी तुकडीच्या अग्रभागी होती.

अंधारातच दोन गाड्या वेगाने त्यांच्या दिशेने आल्या. बचित्तरसिंगांनी आपल्या सेक्शनला गोळीबाराचा हुकूम दिला. सेक्शन म्हणजे साधारण दहाएक जवानांचा गट, लष्करातला सर्वांत लहान लढता गट. गाड्यांबरोबरच्या संरक्षक पथकाने उलट गोळीबार केला. बचित्तरसिंग आडोसा सोडून थेट गाड्यांवर धावून गेले आणि गाड्या, त्यांतली माणसं सगळं ताब्यात घेतलं.

दिवसभरातली त्यांची पहिली कामगिरी ही. एवढ्यावरही एखादं पदक मिळालं असतं.

त्याच दिवशी पुढे, नळदुर्गच्याच परिसरात, उंचवट्यावरच्या एका मोर्च्यातून होणाऱ्या माऱ्याने फौजेची वाट अडली. तुळजापूर-नळदुर्गचा हा भाग सपाट वाटतो, पण पायी चाललात तर कळतं की माळ, ओघळ आणि दगडी उंचवटे यांनीच तो बनलेला आहे. अशा उंचवट्यावर एक लाइट मशीनगन नीट लावली की खालच्या रस्त्यावर शंभर माणसं खिळून राहतात. बचित्तरसिंग आपलं सेक्शन घेऊन त्या माऱ्यातून वर चढले. मोर्चा काही यार्डांवर आला असताना मशीनगनच्या फैरी त्यांच्या मांडीत घुसल्या आणि ते कोसळले.

मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली की माणूस किती लवकर हातचा जातो, हे या हमरस्त्यावरचे अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ते त्या अवस्थेत सरपटत पुढे गेले आणि दोन ग्रेनेड मशीनगनच्या खड्ड्यात फेकले. मशीनगन बंद पडली. जवानांनी मागे न्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी नकार दिला आणि तिथेच पडून राहून बाकीच्यांना पुढे जायला सांगत राहिले. मोर्चा हाती आला. बचित्तरसिंग वाचले नाहीत. वय होतं ३१.

इथे एक गोष्ट खटकते ती लिहून ठेवते. गौरवाच्या अशा नोंदीत समोरच्या खड्ड्यात कोण होतं हे कधीच नसतं. हैदराबादच्या पहिल्या इन्फंट्रीचा तो मशीनगनवालाही कुठल्यातरी गावातला पगारी शिपाईच होता.

सकाळी नऊपर्यंत चिलखती दल नळदुर्गच्या पुढे जळकोटला पोहोचलं होतं आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात. याच पहाटे दुसरी एक फौज तुळजापूरवर आली होती. तिच्यात पंजाब रेजिमेंट, गोरखा आणि मेवाड इन्फंट्रीचे जवान होते. तुळजापुरात हैदराबाद इन्फंट्रीची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. तिथून लोहाऱ्याकडे निघालेल्या फौजेला पुराच्या पाण्याने अडवलं.

कारवाई पाच दिवसांत आटोपली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती एल इद्रूस चौधरींना शरण आले. लाखो लोकांच्या मानगुटीवरचा सरंजाम उतरला. ज्या निजामाविरुद्ध हे जवान मेले, तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबादचा राजप्रमुख म्हणून सन्मानाने बसला, हेही त्याच इतिहासात आहे.

परमवीर का नाही?

युवकांच्या एका बैठकीत मी ही हकीकत सांगत होते. 'पोलीस ॲक्शनमध्ये हवालदार शहीद झाले' एवढं म्हटलं आणि मागून एक मुलगा म्हणाला, 'म्हणजे पोलीस होते ना?' सगळे हसले. पण चूक त्याची नव्हती. हवालदार हा लष्करातलाही हुद्दा आहे हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि 'पोलीस ॲक्शन' हा शब्दच तसा आहे. रणगाडे, तोफा, विमानं आणि पायदळ वापरून केलेल्या मोहिमेत पोलीस नावापुरते.

तरी हा शब्द सहज पडलेला नाही. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती, आणि कारवाई चालू असतानाच, १६ सप्टेंबरला, ती तिथे चर्चेला आली. दोन देशांतलं युद्ध म्हटलं की हैदराबाद हा वेगळा देश ठरतो. भारताचं म्हणणं होतं की हा आमच्या घरातला प्रश्न आहे, सुव्यवस्था राखण्यासाठी केलेली कारवाई आहे. म्हणून 'पोलीस कारवाई'.

या शब्दाचा परिणाम बचित्तरसिंगांच्या पदकावर झालेला दिसतो. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आलं. पण त्याची अट आहे शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याची. ४ जानेवारी १९५२ ला त्याच पूर्वलक्षी तारखेपासून दुसरी पदकमालिका सुरू झाली. तिची व्याख्या शत्रूसमोरच्या लढाईव्यतिरिक्त दाखवलेलं शौर्य, आणि तिचे तीन वर्ग होते: अशोक चक्र वर्ग १, २ आणि ३. १९६७ मध्ये त्यांनाच अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावं मिळाली. नळदुर्गच्या माळावर समोर मशीनगन होती, पण कागदावर 'शत्रू' नव्हता.

फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून एक उदाहरण. नळदुर्गनंतर बरोबर एक महिन्याने, १३ ऑक्टोबर १९४८ ला, त्याच शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे लान्स नाईक करमसिंग काश्मीरमध्ये तिथवालजवळच्या रिचमार गलीत जखमी होऊनही मोर्चा सोडत नव्हते. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते पुढे कित्येक वर्षं जगले. रेजिमेंट एक, पंजाब एक, वर्ष एक. काश्मीरमधल्या लढाईला युद्ध म्हटलं गेलं, हैदराबादमधल्या लढाईला नाही. कुणाचं शौर्य मोठं हे मोजायचा माझा हेतू नाही, आणि अशोक चक्र हे काही कमी मानाचं पदक नाही. २६/११ नंतर हेमंत करकरे आणि तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर मिळालं ते हेच. पण परमवीरांची नावं शाळेच्या भिंतींवर रंगवलेली असतात आणि १९५२ च्या अशोक चक्रांची नसतात, याला हा वर्गीकरणाचा भागही कारणीभूत आहे असं मला वाटतं.

हैदराबाद मोहिमेतलं दुसरं अशोक चक्र वर्ग १ मिळालं पाचव्या गोरखा रायफल्सचे नाईक नरबहादूर थापा यांना. तुंगभद्रेवरच्या रेल्वे पुलाजवळ मशीनगनच्या माऱ्यात उघड्या मैदानातून धावत जाऊन त्यांनी खुकरीने तो मोर्चा मोडला. एक पंजाबचा, एक गोरखा. मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या मुक्तीचे हे दोन मानकरी आमच्या मुलांना नावानेही ठाऊक नाहीत.

पदकावरचं चक्र

अशोक चक्र पदक गोल, सोनेरी मुलाम्याचं. मधोमध अशोकाचं चक्र आणि भोवती कमळांची माळ. फीत हिरवी, मध्ये केशरी रेघ. परमवीर चक्राप्रमाणेच याचंही संकल्पन सावित्रीबाई खानोलकर यांनी केलं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई भारतात आल्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या मराठी शिकल्या. परमवीरावर त्यांनी इंद्राचं वज्र घेतलं. दुसऱ्या मालिकेवर अशोकाचं चक्र आलं.

हे चक्र आपल्याला परकं नाही. राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या संविधान सभेच्या समितीत बाबासाहेब होते, आणि ध्वजावर हेच चक्र आहे. धम्मचक्र सैनिकाच्या छातीवर, तेही दोन ग्रेनेड फेकून मोर्चा मोडल्याबद्दल, हे पाहून आपल्यातले काही जण अवघडतात. मीही अवघडले. पण ज्याच्या नावाने हे पदक आहे तो राजा युद्ध न केलेला नव्हता. कलिंग त्यानेच जिंकलं. वेगळेपण पुढच्या कृतीत आहे. तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच्याच विजयातले मृत मोजून दगडात कोरून ठेवले: एक लाख मारले गेले, दीड लाख हद्दपार झाले, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेले. जिंकलेल्या राजाने स्वतःविरुद्ध दिलेली अशी साक्ष मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आणि अशोक काही पाटलीपुत्रापुरता दूर नाही. त्याचं 'अशोक' हे नाव ज्यात सापडलं तो मास्कीचा शिलालेख १९१५ मध्ये निजामाच्याच राज्यात, रायचूर जिल्ह्यात मिळाला. भीमेच्या काठावरच्या सन्नती इथे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, १९८६ मध्ये आणखी लेख सापडले. त्यांत कलिंगाच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले ते खास लेखही आहेत, ज्यांत तो सगळी माणसं आपली लेकरं असल्याचं सांगतो आणि अधिकाऱ्यांना कुणालाही विनाकारण कोंडू नका, छळू नका असं बजावतो.

मोजणी

हे सांगायचं कारण, हैदराबादचीही एक मोजणी झाली होती. कारवाईनंतर संस्थानातल्या मुसलमानांवर हल्ले झाल्याच्या बातम्या दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाला पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत ते १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले, गावागावांतल्या लोकांशी बोलले. अत्यंत सावधपणे केलेला त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार. काही ठिकाणी सैन्य आणि पोलिसांतल्या लोकांचाही हात होता असं अहवालात आहे. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू भेटल्याचंही त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

बचित्तरसिंगांचा याच्याशी संबंध नाही. हे सगळं सुरू व्हायच्या आत, पहिल्याच दिवशी, समोर बंदूक घेऊन बसलेल्यांशी लढताना ते गेले होते. म्हणूनच या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत असं मला वाटतं. निःशस्त्र माणसांना विहिरीत ढकलणाऱ्यांनी आणि त्यांची घरं-जमिनी बळकावणाऱ्यांनी या हवालदाराच्या मागे लपू नये. आणि त्या कत्तलीमुळे रझाकारीचा अंत करणाऱ्या जवानाचं नावही पुसलं जाऊ नये. एका बाजूचे लोक पहिली गोष्ट सांगतात, दुसऱ्या बाजूचे दुसरी. उस्मानाबादचा आता धाराशिव झाला, पण आमच्या जिल्ह्याला दोन्ही गोष्टी सांगता आल्या पाहिजेत, कारण दोन्ही इथेच घडल्या आहेत.

मी काम करते त्या गावांत रझाकारीच्या आठवणी सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांत एक आजी आहेत. शीख जवान गावातून गेले तेव्हा त्या लहान होत्या. त्यांना आठवतं ते एवढंच: एवढी उंच, दाढीवाली माणसं कधी पाहिली नव्हती, म्हणून पोरं घाबरून कणगीमागे लपली, आणि त्यांच्यातल्या एकाने हातवारे करून पाणी मागितलं. महारवाड्यातून पाणी दिलं तर तो पिईल का, यावर मोठ्या माणसांत क्षणभर कुजबुज झाली. त्याने लोटा घेतला आणि घटाघटा प्यायला. कुठली बटालियन, कोणती तारीख, आजींना काहीच माहीत नाही. मी विचारलंही नाही.

यंदा १३ सप्टेंबरला आमच्या अभ्यासगटाने साधा एक फलक लिहिला. नाव, हुद्दा, बटालियन, जन्मगाव, वय. जन्मगावाच्या जागी लोपो, पंजाब. 'कुठे पडले' या ओळीपाशी मुलं थांबली. हातात खडू घेतलेल्या मुलीने विचारलं, 'मॅडम, नळदुर्गच लिहू ना? की आपला तालुका पण लिहू?' मी म्हटलं, दोन्ही लिही.